डोहाळ्याचा दगड

माझ्या लेकीने भर डोहाळजेवणात, पन्नासेक बायकांच्या देखत, कटकन दगड खाल्ला आणि बायका हसल्या. हसणं संपायच्या आत मी ओरडलो होतो. त्या आरडाओरडीमुळे लेकीच्या सासरी, काष्टीत, अजूनही माझी ओळख "ते तिरसट व्याही" अशीच आहे. असू दे. तो दगड काय होता, हे त्या मांडवात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून आधी दगडाचं सांगतो. आमचं घराणं मास्तरांचं. आजोबा मास्तर, वडील मास्तर, थोरला भाऊ प्राध्यापक, आणि बायको करून आणली तीही जिल्हा परिषदेच्या शाळेतली. मी एकटाच दगडाच्या नादी लागलो. सुप्याच्या एमआयडीसीत पांढऱ्या दगडाची पावडर करणारा एक लहानसा कारखाना आहे. तिथली तपासणीची खोली मी बरीच वर्षं सांभाळतो आहे. ट्रकमधून आलेला दगड चांगला की टाकाऊ हे मी ठरवायचं, आणि पोत्यात भरलेली पावडर पुरेशी बारीक आणि पुरेशी पांढरी आहे का, हेही मीच सांगायचं. लग्नकार्यात कुणी मला विचारलं, "तुम्ही कुठे शिकवता?" की भाऊ मध्येच म्हणतो, "तो पीठ दळतो." सगळे हसतात. मला अजून त्यात हसण्यासारखं काही सापडलेलं नाही.

हा दगड म्हणजे डोलोमाइट. आपल्या जिल्ह्यात तो औषधालाही मिळत नाही. आपल्याकडचा सगळा दगड काळा, थंड झालेल्या लाव्हाचा. डोलोमाइट समुद्रातला. फार जुन्या काळी उथळ, कोमट समुद्रांच्या तळाशी चुन्याचा गाळ साचला, आणि त्या गाळात मॅग्नेशियमचं खारं पाणी मुरत राहिलं. मुरता मुरता त्याने कॅल्शियमच्या जवळजवळ निम्म्या जागा बळकावल्या. चुनखडक होता होता त्याचा हा वेगळाच दगड झाला. एवढे डोंगरच्या डोंगर असे कसे बदलले, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. मला ही गोष्ट फार आवडते. इतका साधा दगड, आणि शहाण्यांना अजून पुरता कळलेला नाही.

आमच्याकडे तो राजस्थानातून येतो, कधी विदर्भातून. चुनखडकाहून जरा कठीण आणि जरा जड. ताजा फोडला की कडेला मंद चमक दिसते. ओळखायची खूण अशी: चुनखडकावर पातळ आम्लाचा थेंब टाकला की तो लगेच फसफसतो. डोलोमाइटचा खडा मात्र ढिम्म राहतो. पण त्याच खड्याची पूड करा आणि मग थेंब टाका, हळूहळू बुडबुडे येऊ लागतात. खडा असताना थंड, पूड झाली की जागा. नव्या कामगाराला मी हे पहिल्या दिवशी दाखवतो.

आणि हा दगड जातो कुठे, तर कुठे नाही ते विचारा. पोलादाच्या भट्ट्यांत जातो, काचेत जातो, भांडी घासायच्या पावडरीत जातो, भिंतीला लावायच्या पुट्टीत जातो. कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जातो. दिवाळीच्या आधी आमच्याकडे रांगोळीवाल्यांची झुंबड उडते. हे सगळं मी कुणालाही सांगतो, विचारलं नाही तरी सांगतो. घरचे म्हणतात, डोलोमाइट म्हटलं की बाबांना आवरता येत नाही.

लेक काष्टीला दिली आहे. जावई एकुलता एक, घरचा ऊस, गोठा, आणि मुलगा स्वतः दौंडला एका पतसंस्थेत. त्यांनी नवं घर बांधलं तेव्हा विहीणबाईंना तुळशीभोवती पांढरे खडे हवे होते. मी कारखान्यातून चांगला निवडलेला माल गोणी भरून घेऊन गेलो. त्यांच्या ओट्यावर बसून मी त्या दगडाची सगळी कुंडली मांडली. विहीणबाई हुशार बाई. शाळा फार झालेली नाही, पण चार गायी आणि घरचे तीन पुरुष एका आवाजात हाकतात. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं. जनावरांच्या खाद्यात जातो म्हटल्यावर त्यांनी विचारलंही, "मंजी पोटात गेला तर बाधत न्हाई?" मी म्हणालो, "बाधतो कसला! कॅल्शियम आहे तो. हाडं घट्ट होतात." त्यांनी मान डोलावली. मी खूश होऊन घरी आलो.

पुढच्या वर्षी लेकीला दिवस गेले. आम्हाला आनंद झाला आणि तो जेमतेम दोन महिने टिकला. तिचं रक्त कमी भरलं. नगरच्या डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या, उगाच घाबरवणाऱ्या नव्हेत. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. पुढच्या खेपेला रक्त वाढायच्या ऐवजी आणखी कमी झालेलं होतं. गोळी बदलली. मी खजूर पाठवले, बायकोने आळिवाचे लाडू पाठवले, काष्टीहून बीट आणि डाळिंबांचा मारा सुरू होता. तरी पाचव्या-सहाव्या महिन्यात हिमोग्लोबिनचा आकडा सातच्या खाली गेला. चार पायऱ्या चढली की पोरगी भिंतीला हात लावून उभी राहायची. ओठ पांढरे, डोळ्यांच्या आतली कड पांढरी.

"गोळ्या घेतेस ना गं?"

"घेते हो बाबा. रोज. सासूबाई समोर उभ्या राहून देतात."

डॉक्टरीणबाईंनी एकदा मला एकट्याला थांबवलं. म्हणाल्या, "बाळंतपणात रक्त जातंच. थोडं जास्त गेलं तर निरोगी बाई ते सोसते. हिच्याकडे सोसायला शिल्लक काहीच नाही. हे असंच राहिलं तर मला दोघांचीही काळजी आहे." बाहेर आल्यावर मी गाडी सुरू करून तशीच उभी ठेवली होती, आणि मागचा माणूस हॉर्न वाजवत होता.

अशा अवस्थेत सातव्या महिन्यात डोहाळजेवण. मला ते नकोच होतं. पण लेकीला हौस होती आणि विहीणबाईंना तर फारच. दारात मांडव घातला. झोपाळ्याला शेवंतीच्या माळा. लेकीला हिरवी साडी, फुलांचे दागिने. त्या सगळ्या हिरव्या-पिवळ्यात तिचा चेहरा मेणचट दिसत होता, आणि बायका म्हणत होत्या, "तेज आलंय बघा."

पुरुष मंडळी गोठ्याच्या बाजूला चहा घेत बसली होती. मी तिथेच सुखात होतो. जावई आला आणि म्हणाला, "बाबा, तुमच्या मोबाईलचा कॅमेरा चांगलाय, तेवढं शूटिंग तुम्हीच करा ना." म्हणून मी बायकांच्या घोळक्यात उभा राहिलो. एरवी मी तिथे असण्याचं काही कारण नव्हतं.

वाट्यांचा खेळ सर्वांना माहीत असतो. दोन वाट्या झाकून ठेवायच्या, एकीत पेढा, दुसरीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. इथे तीन वाट्या होत्या. तिसरी चांदीची. कुणीतरी विचारलं, "ही कशाची?" विहीणबाई पदर सावरत म्हणाल्या, "त्यात तिचा डोहाळा हाय. मी हातानं केलाय. बगा, आधी तीच उचलंल."

आणि लेकीने आधी तीच उचलली. झाकण काढताना तिचे डोळे लकाकले. इतक्या महिन्यांत मी तिच्या डोळ्यांत असं काही पाहिलं नव्हतं. मी फोनवर चित्र मोठं केलं. वाटीत शेंगदाण्याएवढे पांढरे तुकडे होते, भाजल्यामुळे कडेला किंचित तांबूस झालेले. आणि जिथे फुटले होते तिथे ती मंद चमक. जी चमक मी रोज सकाळी ट्रकवर चढून बघतो, ती मी माझ्या पोरीच्या बोटांच्या चिमटीत पाहिली. तिने तुकडा तोंडात टाकला, कटकन आवाज झाला, आणि तिने डोळे मिटले. बायका हसल्या.

माझ्याकडे ती चित्रफीत अजून आहे. त्यात पुढे मांडवाचं कापड दिसतं, कुणाचे तरी पाय दिसतात आणि माझा आवाज येतो: "थुंक! थुंक आधी ते!"

लेकीने तोंडावर हात धरला. विहीणबाई माझ्या आणि तिच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"व्याही, आवो असं काय वरडताय? डोहाळा हाय त्यो. डोहाळा पुरवला न्हाई तर लेकराचं कान फुटत्यात."

"अहो, दगड आहे तो!"

"व्हय, दगडच हाय. तुमचाच हाय."

त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. पोरीला तिसऱ्या महिन्यापासून माती खावीशी वाटायची. हे काही नवं नाही, त्यांच्या चुलतीला वाटायचं, नणंदेला वाटायचं. काष्टीच्या बाजारात खायची भाजकी माती मिळते, ती त्यांनी आधी आणली होती. पण आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी सांगितलं की मातीतून जंत होतात, माती देऊ नका. मग विहीणबाईंनी विचार केला. डोहाळा तर मोडायचा नाही, आणि घाण तर पोटात जाऊ द्यायची नाही. तुळशीभोवती खडे पडले होते, पांढरेशुभ्र, व्याह्यांच्या कारखान्यातले, कॅल्शियमचे. त्यांनी ते वेचले, गरम पाण्याने तीनतीनदा धुतले, फोडले, तव्यावर भाजले आणि डब्यात भरले. डबा पोरीच्या उशाशी.

"तुमीच म्हनला हुता, हाडं घट हुत्यात," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं, लेकराची हाडं घट हुतील. वाट्टंल तितकं देत हुते का मी? जपून देत हुते, मूठभर."

मूठभर. रोज. तीनेक महिने. मी कपाळाला हात लावला. ती बाई खोटं बोलत नव्हती, निष्काळजी तर मुळीच नव्हती. तिने जेवढी काळजी घेतली तेवढी मी माझ्या आम्लाच्या बाटल्यांचीही घेत नाही. आणि याच काळजीने माझी पोरगी पांढरी पडत चालली होती. मला तिच्यावर रागावायचं होतं आणि राग कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं.

माझी बायको झोपाळ्याची साखळी धरून उभी होती आणि त्या चांदीच्या वाटीकडे पाहत होती.

लेकीला घेऊन आम्ही त्याच दिवशी नगरला निघालो. गाडीत माझं डोकं आपलं चालत राहिलं. सुप्यात मुलामा देणारा एक कारखाना आमच्याकडून जाडा माल नेतो. त्यांच्याकडचं आम्लाचं सांडपाणी ते या दगडाच्या थरातून सोडतात. खाली उतरेपर्यंत आम्लाचा जोर मोडलेला असतो. ते मी स्वतः मोजून दिलेलं आहे. आणि पोटात काय असतं? आम्ल. लोहाची गोळी विरघळायला काय लागतं? तेच आम्ल. खडा गिळला असता तर तो ढिम्म राहिला असता, पण पोरगी चावून खात होती. दातांनी त्याची पूड करत होती. म्हणजे सासू समोर उभी राहून गोळी देत होती आणि दगड आत बसून ती गोळी वाया घालवत होता. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. बायकोने विचारलं, "काय झालं?"

डॉक्टरीणबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे, पण हे अर्धंच झालं. दगडामुळे लोह अंगी लागत नाही हे खरं. पण दगड खावासा का वाटतो, ते विचारलंत का? रक्तात लोह कमी झालं की काही बायकांना माती, खडू, बर्फ, असलं काहीबाही खावंसं वाटतं. हा आजार आहे. तुम्ही सगळ्यांनी त्याला डोहाळा म्हणून मांडवात बसवलंत." त्यांनी मला आणखी विचारलं, "या दगडात शिसं वगैरे असतं का?" पांढरेपणा मी तपासतो, बारीकपणा तपासतो, मॅग्नेशियम तपासतो. रांगोळीच्या दगडात शिसं आहे का, हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. त्याचीही रक्ततपासणी झाली, ती चांगली निघाली.

दगड बंद करायचा, गोळ्या चालू ठेवायच्या, दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त बघायचं, असं ठरलं. लेकीला बाळंतपणासाठी आम्ही सुप्याला आमच्याच घरी ठेवून घेतलं. विहीणबाईंचा फोन आला. तुळशीभोवतीचे सगळे खडे त्यांनी स्वतः वेचून रस्त्याच्या खड्ड्यात टाकले होते. फोनवर त्या रडत होत्या आणि मला धड सांत्वन करता येत नाही. मी म्हणालो, "खड्डा बुजला का?" त्या रडता रडता म्हणाल्या, "बुजला की."

आमच्या घरात डोलोमाइटचा कणही ठेवला नाही. माझ्या कपाटातले नमुने कारखान्यात नेले. बायकोने रांगोळीचा डबा शेजारी दिला. मी निर्धास्त झालो. लेकीला मी रोज टोमणा मारायचो, "काय, दगडाची भाजी करू का आज?" ती हसायची. मला वाटायचं, चार दिवसांचा लाड होता, गेला.

दोन आठवड्यांनी रक्त तपासलं. आकडा तेवढाच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या खोलीत टेबलफॅन लावायचा होता. बटण पलंगामागे. ती बाहेर आईशी बोलत बसली होती. मी पलंग ओढला आणि मला भिंतीवर ओल दिसली. उशीच्या उंचीवर, हातभर जागेत रंग उडालेला, खाली प्लास्टर उघडं पडलेलं. मी बोट फिरवलं. ओल नव्हती. तिथे नखांचे ओरखडे होते. एकाशेजारी एक, बोटभर रुंदीच्या पट्ट्या, खालपर्यंत. खाली फरशीवर पांढरा भुगा होता, तोही बोटाने टिपून घेतल्यासारखा. रंगाखाली पुट्टी असते. पुट्टीत काय असतं ते मला कुणी सांगायला नको होतं.

आयुष्यात मला इतका धक्का कधी बसला नव्हता. मांडवात बसला तो काहीच नव्हे. तिथे निदान दुसऱ्या कुणी दिलेलं होतं. इथे माझी पोरगी, एम.कॉम. झालेली, सगळं कळणारी, पोटातल्या बाळाशी रोज संध्याकाळी बोलणारी, माझ्या घराची भिंत नखांनी ओरबाडून खात होती. तिला ऐकू जाईल म्हणून मी पलंग हळूच जागेवर सरकवला. मग माझ्या लक्षात आलं की मी पुरावा झाकतो आहे, आणि मी तो पुन्हा ओढला.

ती दारात उभी होती.

"बाबा, मला त्याचा वास येतो," ती म्हणाली. "ओल्या भिंतीचा. आई फरशी पुसते तेव्हा जास्त येतो. तोंडाला पाणी सुटतं. मी हात धुऊन येते, देवाचं नाव घेते, तुमच्यासमोर हसते. आणि परत हात तिकडेच जातो. बाळाला काही झालं तर मीच केलेलं असेल ना ते?"

मी तिला जवळ घेतलं. तिच्या नखांत पांढरं होतं. मला लाज वाटली, भीती वाटली, आणि त्या दगडाचा पहिल्यांदाच संताप आला. ज्याच्यावर मी आयुष्यभर भाषणं दिली तो दगड माझ्या पोरीला भिंतीतून हाका मारत होता.

मी तिला तसंच नगरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी भिंतीचं ऐकलं आणि गोळ्या बंदच केल्या. म्हणाल्या, "पोटाला वळसा घालू. लोह शिरेतून देऊ." सलाईनच्या बाटलीत त्यांनी ते औषध मिसळलं, गडद, बिनदुधाच्या चहासारखं. मी खुर्चीत बसून थेंब बघत होतो. थेंब पडला की काय होतं ते बघायची मला सवय आहे. इथे काहीच दिसत नव्हतं. बुडबुडा नाही, रंग नाही. पोरगी झोपली होती आणि विहीणबाई, काष्टीहून एसटीने आलेल्या, तिचे पाय चेपत होत्या.

दुसरी बाटली दिल्यानंतर काही दिवसांनी लेक सकाळी स्वयंपाकघरात आली. आई फरशी पुसत होती. लेक उभी राहिली, नाक वर करून तिने वास घेतला, आणि म्हणाली, "आई, काहीच येत नाही गं." ती खोलीत गेली, त्या ओरबाडलेल्या जागेला नाक लावून परत आली. "खरंच येत नाही. नुसती भिंत आहे." आणि ती रडायला लागली. इतके महिने ज्याने तिला नाचवलं ते असं वासासकट निघून गेलं होतं, चिमूटभर लोखंड अंगात गेल्यावर. मला ते आजही नीट पटत नाही.

रक्त वाढलं. भरपूर नाही, पण वाढलं. नवव्या महिन्यात, भर दुपारी ती बाळंत झाली. मुलगी. बाळ लगेच रडलं, ते आम्ही बाहेर ऐकलं आणि विहीणबाईंनी मला हाताला धरून उभं केलं. मग बराच वेळ कुणीच बाहेर आलं नाही. नर्स आत-बाहेर पळत होत्या. जावई रक्ताची पिशवी घेऊन धावत आला. मी भिंतीकडे पाहत उभा होतो. शेवटी डॉक्टरीणबाई आल्या, मास्क खाली ओढला आणि म्हणाल्या, "थांबलंय. बरंच रक्त गेलं, पण सोसलं तिने." थोडं थांबून म्हणाल्या, "दोन महिन्यांपूर्वीच्या रक्तावर सोसलं नसतं."

बाळ बाहेर आणलं तेव्हा विहीणबाईंनी आधी दुपटं बाजूला करून कान पाहिले. दोन्ही पाहिले. मग माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या. "चांगलं हायेत," त्या म्हणाल्या, आणि जावयाला घेऊन लेकीला बघायला आत गेल्या.

बाकावर आम्ही दोघं उरलो, मी आणि बायको. बाळ तिच्या मांडीवर होतं. मी मोकळा झालो होतो, म्हणून बोलत होतो. लोह, आम्ल, कॅल्शियम, डॉक्टरीणबाई किती हुशार, मी कसं गाडीत ओळखलं. ती ऐकत होती. मध्येच ती म्हणाली, "मी पण खायचे."

"काय?"

"पाटीवरची पेन्सिल. शाळेत खोके यायचे मुलांसाठी. एक तोंडात, एक पर्समध्ये. वर्गात फळ्याकडे तोंड करून खायचे. तुमच्या आईंना कळलं होतं. त्या म्हणाल्या, डोहाळे आहेत, खाऊ दे."

मी हसायला गेलो. "हिच्या वेळी? मला कधी बोलली नाहीस."

"हिच्या वेळी नाही," ती म्हणाली. "पहिल्या वेळी."

पहिल्या वेळी मुलगा होता. आठव्या महिन्यात झाला आणि रडलाच नाही. आम्ही त्याचं नाव ठेवलं नव्हतं. त्यानंतर इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी त्याच्याविषयी एक वाक्यही उच्चारलेलं नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, असं होतं कधी कधी, आणि मी ते मान्य केलं होतं. आता मला मांडवातली ती आठवली, झोपाळ्याची साखळी धरलेली. तेव्हापासून, एवढे महिने, ती हे एकटीच बाळगून होती. लेकीला औषधं देत होती, फरशी पुसत होती, आणि माझी भाषणं ऐकत होती.

"तुम्हाला यातलं कळतं," ती म्हणाली. तिने बाळावरची नजर काढली नाही. "त्याचं त्या पेन्सिलींमुळे झालं असेल का हो?"

मला माहीत नव्हतं. पेन्सिल कुठल्या दगडाची होती, तिचं रक्त तेव्हा किती होतं, कुणी तपासलं होतं का, मला काहीच माहीत नव्हतं. आता ते कुणालाच कधी कळणार नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "त्याचा काही संबंध नाही."

तिने मान वर केली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझ्याबरोबर तिने उभा संसार केला आहे. मी तपासून बोलतो तेव्हा कसा दिसतो आणि न तपासता बोलतो तेव्हा कसा, हे तिला पुरतं ठाऊक आहे.

"बरं," ती म्हणाली, आणि बाळाला माझ्या हातात दिलं.